दोन्ही पायांवर भार

४ फेब्रुवारी

ताई,

वर ‘सप्रेम नमस्कार’ लिहिला असता तर तू पुढचं वाचलं नसतंस, म्हणून सरळ गुडघ्यापासून सुरुवात करते.

माझा डावा गुडघा बिघडलाय. सगळा नाही, आतल्या बाजूने झिजलाय. बाहेरची बाजू अजून चांगली आहे. जिना चढताना सोसवतं, उतरताना मात्र प्रत्येक पायरीवर तो आपलं म्हणणं मांडतो. परवा खालच्या मजल्यावरच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, “किती सावकाश उतरता हो तुम्ही! आमच्या सासूबाई अशाच उतरायच्या.” सासूबाई नव्वदीच्या होत्या.

पाय फेंगडे, म्हणून ही झीज. आईचे तसेच, मावशीचे तसेच. तू बाबांवर गेलीस आणि सरळ पाय घेऊन मोकळी झालीस. माझं वजन वर्षानुवर्षं गुडघ्याच्या आतल्या कडेवरच पडत राहिलं. आता नडगीचं हाड वरच्या टोकाशी कापायचं, पाचरीएवढं उघडायचं, पट्टी आणि स्क्रू लावायचे, म्हणजे वजन चांगल्या बाजूवर सरकेल. हे मी तुला सांगतेय म्हणजे कमाल आहे. पण आपण तीन वर्षांत बोललेलो नाही, तेव्हा मला काय ठाऊक आहे आणि तुला काय ठाऊक आहे याचा हिशेब माझ्या डोक्यात थोडा विस्कटलाय.

माझं काम तेच आहे. तुम्ही सर्जन मंडळी फिल्म आणि स्कॅन पाठवता. आम्ही त्या माणसाचं हाड कॉम्प्युटरवर उभं करतो, कुठून कापायचं आणि किती उघडायचं ते आखतो, आणि त्या एकाच हाडावर बसेल असा नायलॉनचा साचा छापतो. ऑफिसात सगळे त्याला गाइड म्हणतात. मी साचाच म्हणते. करवत घालायला त्यात एक फट असते, आणि दुसऱ्या कुणाच्याही पायावर तो बसत नाही. काम झालं की टाकून देतात.

माझं टेबल पहिलं. आलेली प्रत्येक फिल्म आधी मी बघते आणि मापाला चालेल की नाही ते ठरवते. पेशंट वाकडा उभा असेल, गुडघ्याची वाटी बाजूला वळली असेल, एका पायावर भार कमी असेल, तर फिल्म परत. ऑफिसात माझं नाव ‘परतबाई’ पडलंय. मला ते आवडतं.

ऑपरेशननंतरच्या फिल्मही आमच्याकडे तपासायला येतात. ठरवल्याप्रमाणे कोणाचा पाय किती सरळ आला, हे मला दिसतं. तुमच्या हॉस्पिटलच्या सगळ्या शाखांतले पाय मी बघते आणि तुझ्या हातचे सगळ्यात बरोबर येतात. हे मी लाडीगोडी म्हणून लिहीत नाही. तुझ्या पायांच्या खालोखाल जो आहे तो बराच खाली आहे.

तेव्हा मागणं एवढंच, माझं ऑपरेशन तू करावंस.

माझी कागदपत्रं इथल्या शाखेतून येतील. सगळ्या शाखांचे प्लॅन मंजुरीला तुझ्याकडेच जातात, पण तुला नाव दिसणार नाही. क्रमांक, वय आणि बाजू तेवढी दिसेल. क्रमांक मी कळवत नाही, ते नियमात बसत नाही. तुझं उत्तर आलं तर मी स्वतः तिकडे येईन.

आई बरी आहे. तिला हे अजून सांगितलेलं नाही.

तुझी धाकटी

२० फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. अपेक्षा नव्हतीच, असं लिहिणार होते. पण रोज खाली जाऊन पेटी बघत होते, आणि मला जिना उतरायला किती आवडतं ते तू वाचलंच असशील.

आईला सांगावं लागलं, कारण तिने मला चालताना पाहिलं. मग तिचा रोजचा फोन.

“ताईने तुझी किती चौकशी केली अगं!”

“काय म्हणाली?”

“म्हणाली असं नाही. पण चेहऱ्यावर दिसत होतं.”

“फोनवर चेहरा दिसला?”

“आई आहे मी,” म्हणाली आणि फोन ठेवला. तिकडे तुलाही माझ्याबद्दल असंच काहीतरी सांगत असणार. तीन वर्षं ती आपल्या दोघींमध्ये निरोप्याचं काम करतेय आणि त्यातला एकही निरोप आपण दिलेला नाही.

इथल्या शाखेतल्या सर्जनने मला तपासलं. पोरगा हुशार आहे, पण घाईचा. माझ्याशी बोलताना दोनदा घड्याळ बघितलं. मी त्याला सांगितलं नाही की त्याचे पाय मला पाठ आहेत आणि त्यातले निम्मे कमी उघडलेले असतात. तू नाही म्हणालीस तर तोच करेल. तारीखही सुचवून मोकळा झालाय.

फिल्म काढून झाली. कमरेपासून घोट्यापर्यंत, दोन्ही पाय, उभ्याने. तंत्रज्ञ बाई चटपटीत होत्या. “सरळ उभ्या राहा, हलू नका, झालं.” दोन दिवसांनी ती माझ्याच टेबलावर आली. आपली स्वतःची किंवा घरच्यांची फिल्म असेल तर पलीकडच्या टेबलावर द्यायची, असा नियम आहे. तिथे एक तरुण इंजिनियर बसतो, भला माणूस, सगळे त्याला चश्मिस म्हणतात. मी दिली नाही. स्वतःची हाडं पहिल्यांदाच बघत होते, दुसऱ्याच्या हातात काय म्हणून द्यायची? बघितली, बरी वाटली, पास केली. पुढची आखणी मात्र चश्मिसनेच केली. कोणाचा पाय आहे, त्याला ठाऊक नाही. प्लॅन उद्या तुझ्याकडे येईल.

आता त्या ड्रायव्हरबद्दल, कारण तू हे पत्र हातात घेतलं असशील तर तुझ्या डोळ्यांसमोर तोच उभा असणार.

बस चालवणारा माणूस, उजवा गुडघा, साचा आमचा, ऑपरेशन तुझं. पाय वाकडाच राहिला आणि त्याला पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. हॉस्पिटलने आम्हाला विचारलं की साचा चुकला का. तपासणीचं काम माझ्याकडे आलं. साचा बरोबर होता. हाडावरची चरबी पुरती खरवडलेली नव्हती. साचा तिच्यावर तरंगत बसला आणि करवत तिरकी गेली. तो तुझ्या मदतनीसाने धरला होता, तू धरला नव्हतास, पण ऑपरेशन तुझ्या नावावर होतं. हे सगळं मी लिहिलं आणि खाली सही केली. त्यानंतर तुझी चौकशी झाली, आणि त्यानंतर तू माझे फोन घ्यायचे बंद केलेस.

मी आजही तेच लिहीन. हे तुला आवडणार नाही, पण मनात एक आणि कागदावर एक ठेवून मला माझा पाय तुझ्या हातात द्यायचा नाही.

त्या प्रकरणानंतरच तुझे पाय इतके बरोबर यायला लागले. तू आता साचा दोनदा बसवतेस म्हणे. एकदा बसवून काढतेस, खालचं हाड पुन्हा साफ करतेस आणि परत बसवतेस. तुमच्याकडचा एक भूलतज्ज्ञ आमच्याकडे आला होता, तो वैतागून सांगत होता की मॅडमच्या या सवयीने जेवायची वेळ टळते. ऐकून मला बरं वाटलं होतं, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

उत्तर दे. नाही असलं तरी चालेल.

धाकटी

५ मार्च

ताई,

प्लॅन परत आला. मंजूर झाला नाही.

चश्मिस सकाळी खुर्ची सरकवत माझ्याकडे आला. त्याचे प्लॅन सहसा परत येत नाहीत, त्यामुळे चेहरा पडलेला. “बघा ना, मोठ्या मॅडमनी काय लिहिलंय. मला काही कळतच नाही.”

शेऱ्याच्या चौकटीत तू लिहिलं होतंस: ‘उघडणं कमी पडेल. फिल्म खोटी आहे. पेशंट उजव्या पायावर उभी आहे, बगळ्यासारखी. फिल्म इथे, माझ्यासमोर पुन्हा काढायची. त्याशिवाय साचा छापू नये.’

“बगळा म्हणजे काय?” चश्मिस विचारत होता. “आपल्या शब्दांच्या यादीत तर नाहीये. आणि पेशंट बाई आहे हे त्यांना कसं कळलं? आपण तर तसं लिहीत नाही.”

“कमरेच्या हाडावरून कळतं,” मी म्हटलं.

“हां, ते खरं. पण बगळा?”

मी त्याला पाणी आणायला पाठवलं. तहान मला नव्हती.

मग फिल्म उघडली. ताई, ते अगदी ढळढळीत दिसत होतं. डावा गुडघा जरासा वाकलेला, कंबर डावीकडे उतरलेली, सगळा भार उजवीकडे. दुखऱ्या पायावर वजनच नाही, तर त्याचा वाकडेपणा पूर्ण दिसणार कसा? कमी दिसला म्हणून आखणीही कमी झाली. त्या मापाने कापलं असतं तर मी सगळ्या यातना भोगून फेंगडीच राहिले असते. अशा फिल्म मी चहा पिता पिता परत पाठवते. दुसऱ्या कुणाची असती तर ती पाठवणाऱ्याला दोन शब्द सुनावलेही असते. माझी होती म्हणून मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. मी बघितलं आणि वाटलं, हो, आपण अशाच तर असतो.

शाळेत प्रार्थनेच्या रांगेत तू दोन रांगा मागून यायचीस आणि माझ्या पोटरीवर टिचकी मारायचीस. “बगळे, दुसरा पाय काय भाड्याने दिलायस?” बाकीच्या मुली हसायच्या. मी दोन्ही पायांवर उभी राहायचे आणि तू गेलीस की पुन्हा एकावर. तेव्हा गुडघा दुखत नव्हता. नुसती सवय होती.

मला एक कळत नाही. तू माझी पत्रं वाचलीस आणि त्यावरून वय आणि बाजू जुळवलीस, की फिल्मवरून ओळखलंस? चौकटीत ‘धाकटी’ नाही, नाव नाही, बोलल्याची एकही खूण नाही. फक्त बगळा आहे, तोही चश्मिसला समजावून सांगायला माझ्यावर सोडलेला.

त्याला मी काहीच समजावलं नाही. पुढच्या बुधवारी तिकडे येते. आईला कळवलं, तर म्हणाली, “बघ, मी सांगत नव्हते?” काय सांगत नव्हती, ते मी विचारलं नाही.

बगळा

१३ मार्च

ताई,

काल समोरासमोर भेटलो तरी हे लिहितेय, कारण काल जे बोललो ते चार वाक्यांचं होतं, आणि त्यातली दोन तंत्रज्ञाशी होती.

तुझं हॉस्पिटल मी फिल्मांवरून ओळखते, आतून पहिल्यांदाच पाहिलं. क्ष-किरण विभागाबाहेर निळ्या खुर्च्यांची रांग, त्यातली एक मोडकी, आणि सगळे येऊन आधी तिच्यावरच बसायला जातात. मीही गेले. माझा नंबर आला तेव्हा आत फक्त तंत्रज्ञ होता. तू येणार नाहीस, असंच मी धरून चालले होते. ‘माझ्यासमोर’ म्हणजे ‘माझ्या हॉस्पिटलात’, असा मी अर्थ लावून ठेवला होता, निराश व्हायला नको म्हणून.

त्याने मला फळ्याला पाठ लावून उभं केलं. “सरळ उभ्या राहा हं, मॅडम.”

“ती राहणार नाही,” दारातून तुझा आवाज आला.

तू शिशाचा झगा घातला होतास. केस पांढरे झालेत. आईने सांगितलं नव्हतं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस, सरळ माझ्या पायांकडे बघितलंस.

“दोन्ही पायांवर.”

“दोन्ही पायांवरच आहे.”

“नाहीयेस. वाटतं तुला.”

मग तू बाजूला येऊन उभी राहिलीस, दोन्ही हातांनी माझी कंबर धरलीस आणि डावीकडे दाबलीस. खरं वजन पडलं तसा गुडघा असा काही ठणकला की माझ्या तोंडून शिवी गेली. तंत्रज्ञ घाबरला. “मॅडम, तुम्ही बाहेर या, मग मी काढतो.”

“मी सोडलं की ही परत बगळा. तू काढ.”

त्याने काढली.

त्यानंतर मी त्या बाहेरच्या खुर्चीवर चप्पल चढवत होते आणि तू झगा काढून बाहेर आलीस. मी म्हटलं, “पत्रं मिळाली?”

“मिळाली. उघडलेली नाहीत.” मग थांबून म्हणालीस, “फिल्म उघडली.”

तेवढ्याने माझं समाधान झालं होतं. पण तू खाली बसलीस, त्या मोडक्या खुर्चीवरच, म्हणून आणखी बोलणं आलं.

“तू चुकीचं लिहिलंस, असं मी कधीच म्हटलं नाही. त्या माणसाचा पाय माझ्यामुळे वाकडा राहिला. पण लिहिण्याआधी मला एक फोन करायचास.”

“केला असता तर तू म्हणाली असतीस, दोन दिवस थांब.”

“म्हणाले असते.”

“आणि मी थांबले असते, ताई. म्हणून केला नाही.”

हे मी तीन वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. नियमामुळे फोन केला नाही, असं सांगत आले. तेही खोटं नाही. पण खरं कारण हे. तुझ्या शब्दाखातर मी थांबले असते, आणि एकदा थांबल्यावर पुन्हा लिहायला बसले असते याची मला खात्री नव्हती.

तू विचारलंस, “फार दुखतं का?”

“जिना उतरताना.”

“खालचं घर बघ,” म्हणालीस. उठताना म्हणालीस, “मी कापणार नाही. आपल्या माणसावर माझा हात चालायचा नाही. दुसरा देते, चांगला.” आणि गेलीस.

गाडीत बसल्यावर मी रडले. शेजारच्या बाईंनी विचारलं तर म्हटलं, गुडघा. तू नाही म्हणालीस म्हणून रडले, की ‘आपल्या माणसावर’ म्हणालीस म्हणून, ते मी शोधत बसले नाही.

तेव्हा आता माझं म्हणणं परत घेते. तू दिलेला सर्जन चालेल. पत्रं उघडलीस तर क्रमाने वाच, पहिलं जरा आखडूपणाचं आहे.

धाकटी

२५ मार्च

ताई,

नवी फिल्म आली. या वेळी मी तिला हातही न लावता पलीकडे दिली. “ही माझी आहे,” चश्मिसला सांगितलं. तो आ वासून बघत राहिला. मग त्याचे डोळे मोठे झाले. “म्हणजे बगळा—”

“हो. आणि बाहेर कुठे बोललास तर बघ.”

अर्ध्या तासाने तो खुर्ची सरकवत आला. “ही परत पाठवावी लागेल ना? भार अगदी दोन्ही पायांवर आहे, वाटी समोर आहे, सगळं छान आहे. पण हात आलाय.”

मी जाऊन बघितलं. फिल्मच्या वरच्या कडेला, माझ्या कमरेच्या दोन्ही बाजूंना, दुसऱ्या कुणाच्या तरी बोटांची हाडं होती. उजवीकडे चार, डावीकडे चार, कमरेच्या हाडावर आवळलेली. डावीकडची करंगळी मधल्या पेरात वाकडी. दाराच्या फटीत मीच ती चिमटली होती, मी चार वर्षांची असताना. बाबा तुला डॉक्टरकडे घेऊन गेले आणि तू आईला सांगितलंस की दार वाऱ्याने लागलं.

आमचा नियम स्पष्ट आहे. पेशंटशिवाय इतर कुणाचाही अवयव दिसत असेल तर फिल्म परत. तो मीच लिहिलाय.

“खुब्याचा गोळा झाकला गेलाय का?” मी विचारलं.

“नाही. मापं सगळी मिळतात.”

“मग ठेव.”

“परत नाही?” परतबाईच्या तोंडून असं ऐकून त्याला चष्मा पुसावा लागला.

“नाही.”

त्याने नवी आखणी केली. पाय दिसला होता त्यापेक्षा बराच जास्त वाकडा निघाला, तू म्हणाली होतीस तसाच. प्लॅन काल तुझ्याकडे गेला आणि आज सकाळी परत आला. या वेळी मंजूर होऊन. शेऱ्याच्या चौकटीत सगळ्या शाखांना दिसेल असं तू लिहिलं आहेस: ‘मंजूर. कापणार सहकारी. साचा मी धरेन.’

चश्मिसने वाचून दाखवलं आणि म्हणाला, “हे कशाला लिहितात? साचा तर मदतनीस धरतो.”

मी त्याला म्हटलं, लिहिलंय ते लिहिलंय, छापायला घे.

दुपारी खालच्या खोलीत जाऊन मी साचा बघून आले. अजून गरम होता, वर पांढरी पूड. फट आहे, भोकं आहेत, कडेला माझा क्रमांक आणि ‘डावा’ असं कोरलेलं. तळहाताएवढाच असतो तो. बोटांनी दाबून धरायला दोन जागा ठेवलेल्या असतात, त्यांवर मी बोटं ठेवून बघितली. तुझी बोटं माझ्याहून लांब आहेत, पण बसतील.

सोमवारी सकाळी येते. कमरेखालीच भूल देणार आहेत, त्यामुळे जागी असेन, आणि मध्ये पडदा असला तरी कान उघडे असतील. साचा एकदा बसवून काढशील, हाड साफ करून पुन्हा बसवशील, तेव्हा घाई करू नकोस. भूलतज्ज्ञाचं जेवण राहिलं तर राहू दे.

बगळा